दोष आढळला नाही

बुधवारी सकाळी साडेनऊला, भर चौकात, आमच्या वन्संनी डावीकडे वळायला इंडिकेटर दिला आणि गाडीने बोंब ठोकली.

बोंब म्हणजे खरोखरची बोंब. हॉर्न जो सुरू झाला तो थांबायचं नाव घेईना. चारही काचा आपसूक खाली उतरल्या. मागचा वायपर कोरड्या काचेवर खरडायला लागला. दारांची लॉकं खट उघड, खट बंद, खट उघड, नुसता धिंगाणा. पुढचा सायकलवाला दचकून खालीच उतरला आणि मागे वळून म्हणाला, "अहो बाई, कळलं! वाजवाल किती?" जसं काही आम्हीच वाजवत होतो! मी दोन्ही हात वर करून दाखवले. वन्संनीही दोन्ही हात वर करून दाखवले.

"तुम्ही नका दाखवू! स्टिअरिंग धरा!" मी किंचाळले.

"धरलं, बाई, धरलं!" म्हणाल्या, आणि हसत सुटल्या. त्यांचं हसू एकदा सुरू झालं की त्या हॉर्नसारखंच, बटण सापडत नाही.

तुमचा घोटाळा व्हायला नको म्हणून आधी सांगते. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. मी गाडी चालवायला शिकवते. शाळा माझी, गाडी एकच, मास्तरीणही मी एकटीच. माझ्या बाजूला माझे वेगळे ब्रेक आणि क्लच आहेत, म्हणून तर अजून जिवंत आहे. घरात वन्संचा शब्द शेवटचा. भाजीत मीठ किती इथपासून पडदे कुठल्या रंगाचे इथपर्यंत. पण गाडीचं दार लागलं की त्या विद्यार्थिनी, मला 'बाई' म्हणायचं आणि मुकाट्याने ऐकायचं, असा आमचा करार आहे. सहा महिने त्यांनी तो पाळला, आणि खरं सांगते, लग्नानंतरचे ते माझे सगळ्यात सुखाचे सहा महिने होते.

वन्सं नर्स आहेत. बावीस वर्षं वॉर्डात, त्यातली निम्मी रात्रपाळीत. आता त्यांच्याच हॉस्पिटलात एक नवी जागा निघाली होती: घरोघरी जाऊन रोगी बघायचे, दिवसाचं काम, हॉस्पिटलची छोटी गाडी, आपली आपण चालवायची. यादीत पहिलं नाव वन्संचं होतं. अट एवढीच की शनिवारी दुपारी बारापर्यंत लायसन्स दाखवायचं, नाहीतर जागा दुसऱ्या नावाला. आणि वन्सं परीक्षेत दोनदा नापास झालेल्या. तिसरी परीक्षा शुक्रवारी दहाला. ती हुकली तर पुढची तारीख तीन महिन्यांनी.

"बावीस वर्षं मी माणसं झोपलेली बघितली," वन्सं एकदा मला म्हणाल्या होत्या. "आता जागी बघायचीत, त्यांच्या घरात, त्यांच्या खुर्चीत." एरवी असलं काही बोलायची त्यांची रीत नाही, म्हणून माझ्या डोक्यात ते पक्कं बसलं होतं.

परीक्षा घेणारे साहेब आधी गाडी तपासतात. दिवे, इंडिकेटर, हॉर्न. बिघडलेली गाडी दिसली की परीक्षा नाही, घरी जा. आणि आमची गाडी इंडिकेटर दिला की वरात काढत होती.

बरं, गाडी माझी काही खटारा नव्हती. दोन वर्षं कुरकूर नाही. तीन आठवड्यांपूर्वी कंपनीचं पत्र आलं: या मॉडेलमध्ये पुढच्या सीटखालच्या वायरिंगमध्ये त्रुटी आढळली आहे, सर्व गाड्या परत बोलावत आहोत, डीलरकडे आणा, फुकट बदलून देऊ. मी शहाण्या मुलीसारखी पहिल्याच दिवशी गाडी नेली. त्यांनी सीटखालचा वायरांचा सगळा जुडगा बदलला, कागदावर सही घेतली, एक कीचेन दिली. आणि दुसऱ्या दिवसापासून ही थेरं सुरू झाली. चांगल्या माणसाला दवाखान्यात न्यावं आणि तो आजारी होऊन परत यावा, तसं झालं.

दोनदा परत नेली. दोन्ही वेळा गाडी तिथे अगदी मुक्या गाईसारखी उभी राहिली, आणि दोन्ही वेळा जॉबकार्डावर लिहून आलं: दोष आढळला नाही.

त्या बुधवारी मात्र माझं डोकं फिरलं. "वन्सं, वळू नका. सरळ शोरूमला घ्या."

"असंच? वाजत?"

"वाजत गाजत!"

आणि आम्ही निघालो. अडीच किलोमीटर. हॉर्न मधेच थांबायचा, आम्ही सुस्कारा टाकायचो, आणि खड्डा आला की पुन्हा सुरू. माणसं गाडी बाजूला घेऊन आम्हाला वाट देत होती. एका सिग्नलला शेजारच्या रिक्षातल्या बाईने काळजीने विचारलं, "पेशंट आहे का आत?" वन्सं म्हणाल्या, "गाडीच पेशंट आहे हो," आणि पुन्हा हसत सुटल्या. मला हसायचं नव्हतं. मी चिडले होते. पण काच खाली, वायपर नाचतोय, शेजारी पंचावन्न वर्षांची बाई डोळे पुसत पुसत तिसरा गिअर टाकतेय, अशा वेळी माणूस चिडून चिडणार किती? मीही फुटले. शोरूमच्या गेटमधून आत शिरलो तेव्हा आम्हा दोघींना धड बोलता येत नव्हतं.

मी दार उघडून खाली उतरले, आणि हॉर्न बंद. वायपर बंद. गाडी गप्प.

"बघा!" मी म्हणाले. कुणाला म्हणाले देव जाणे.

सर्व्हिसचे मॅनेजर काचेचं दार ढकलून बाहेर आले. टाय लावलेला, बुटांना कुठे डाग नाही. मी मनातल्या मनात त्यांना टायवाले म्हणते. टायवाले म्हणाले, "बोला मॅडम, आज काय?"

"आज काय? अहो, आत्ता अख्ख्या गावाला ऐकू आलं, तुम्हाला नाही आलं?"

"मला तर काही वाजत नाहीये."

"आत्ता नाही वाजत! आत्तापर्यंत वाजत होतं!"

त्यांनी फ्यूजकाकांना हाक मारली. फ्यूजकाका म्हणजे तिथले जुने इलेक्ट्रिशियन, काडीसारखे बारीक, कानामागे टेस्टर. माझी गाडी तिन्ही वेळा त्यांच्याच हाती गेलेली. ते आले, शेजारची सीट पुढे सरकवली, तिच्यामागे गुडघे टेकून वाकले, तपासायचं मशीन जोडलं, चावी फिरवली, इंडिकेटर डावा, उजवा, हॉर्न, काचा, सगळं केलं. गाडीने शाळेतल्या पहिल्या नंबरासारखी सगळी उत्तरं बरोबर दिली.

"दोष नाही साहेब," काका जरा ओशाळून म्हणाले.

टायवाल्यांनी पेन काढलं. मी ते जॉबकार्ड त्यांच्या हाताखालून ओढलं. "हे पुन्हा लिहिलंत ना, तर मी इथे बसून राहीन. शुक्रवारी परीक्षा आहे हिची... यांची. नोकरी आहे त्यावर."

"मॅडम, रिकॉलचं काम आमच्याकडून पूर्ण झालंय. सिस्टीममध्ये ते बंद झालंय. शिवाय तुम्ही बाहेरून पेडल बसवून घेतलीत. बाहेरचं काम केलं की इलेक्ट्रिकलची जबाबदारी आमची राहत नाही. पूर्ण वायरिंग उघडायचं असेल तर उघडू, पण ते तुमच्या खर्चाने. आणि चारपाच दिवस लागतील."

"पेडलला वायर असते का हो? लोखंडी दांडा आहे तो, दांडा!"

"मी फक्त नियम सांगतोय."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. गाडी यांनी बिघडवायची आणि खापर माझ्या दांड्यावर. मी तोंड उघडलं, आणि काय बोलणार होते ते इथे लिहिण्यासारखं नाही, तेवढ्यात वन्संनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"थांब जरा." गाडीच्या बाहेर होतो ना, म्हणजे शब्द पुन्हा त्यांचा. त्या टायवाल्यांकडे न बघता फ्यूजकाकांकडे वळल्या आणि वॉर्डात बोलतात त्या आवाजात म्हणाल्या, "काका, पेशंटला डॉक्टरसमोर कधीच दुखत नाही. म्हणून आम्ही विचारतो, दुखतं कधी? झोपल्यावर, बसल्यावर, की चालताना? हिला कधी दुखतं ते आपण विचारलंच नाही."

काकांनी कानामागचा टेस्टर काढून पुन्हा ठेवला. "रस्त्यावर दुखतं म्हणता."

"रस्त्यावर. पण मी काल संध्याकाळी एकटी बसून घराच्या आवारातच इंडिकेटर लावून बघितला होता, तेव्हा गप्प होती. आणि आत्ता वहिनी उतरली, त्याच क्षणी बंद झाली." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू बस बघू आत."

"म्हणजे माझ्यामुळे?"

"बस गं."

आता माझं वजन काही लपवण्यासारखं नाही, पण ते असं चारचौघांत पुराव्याला यावं? टायवाल्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं ते मी बघितलं आणि लक्षात ठेवलं. धुसफुसत आत बसले. सीट पुढे ओढलेली, गुडघे समोरच्या कप्प्याला टेकलेले. वन्संनी पलीकडून इंडिकेटर दिला. टिकटिक. बाकी शांतता.

"झालं समाधान?" टायवाले म्हणाले.

वन्संचा चेहरा पडला. खरंच पडला. इतका वेळ त्या हसत होत्या, पण आता मला दिसलं की त्यांच्या हाताची बोटं एकमेकांत घट्ट अडकलीत. या बाईने माझ्याकडून सहा महिने शिव्या खाल्ल्या होत्या, भरल्या रस्त्यात, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी असून.

आणि रागाच्या भरात मी म्हणाले, "आणि दर वेळी माझी सीट पुढे ओढून का ठेवता हो? माझ्या पायांना जागा लागते! दर वेळी इथून बाहेर पडले की मला आधी ही..." असं म्हणत मी खालची दांडी ओढली आणि ढुंगणाने जोर लावून सीट धाडकन मागे ढकलली.

भॉं!

हॉर्न. काचा. वायपर. लॉकं. सगळा बँड एकदम.

पंधरा फुटांवर एका कुटुंबाला नवी गाडी देण्याचा सोहळा चालला होता. लाल कापड निम्मं ओढलेलं, आजोबांच्या हातात रिबन कापायची कात्री, फोटोवाला 'हसा' म्हणत होता. आमच्या हॉर्नने दचकून आजोबांनी रिबनऐवजी हवेत कात्री चालवली आणि फोटोवाला मागच्या कुंडीत बसला.

"पुढे घे!" वन्सं ओरडल्या.

मी सीट पुढे घेतली. शांतता.

"मागे!"

भॉं!

"पुढे!"

शांतता.

मी पेटीचा भाता मारावा तशी ती सीट मागेपुढे करत होते, आणि गाडी माझ्या तालावर वाजत होती. शोरूममधली माणसं बाहेर आली. कॉफीचे कप घेऊन आली. वर्कशॉपमधले मेकॅनिक गाडीखालून सरपटत बाहेर आले आणि एक जण टाळ्या वाजवायला लागला. वन्सं बॉनेटवर हात टेकून इतक्या हसत होत्या की त्यांना उभं राहवेना. मला तर सीट थांबवावीशीच वाटेना. तीन आठवड्यांचा राग होता माझ्या ढुंगणात.

"मॅडम, बस! बस झालं!" टायवाले कानावर हात ठेवून.

"आता वाजतंय का तुम्हाला?" मी विचारलं. मागे. भॉं! "ऐकू येतंय का?"

फ्यूजकाका मात्र हसत नव्हते. ते आले, मला हाताने उतरा म्हणून खुणावलं, आणि चार बोल्ट काढून सीट उचलून बाहेर ठेवली. मग वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले.

"साहेब," ते म्हणाले, "इकडे या."

नव्या वायरांचा जुडगा, रिकॉलचं हिरवं लेबल अजून त्यावर चिकटलेलं, सीटच्या रुळाखालून गेला होता. एका जागी रूळ त्याच्यावर बसून बसून वायरांचं कव्हर सोललं होतं, आत तांबं चमकत होतं. दोन-तीन वायरी एकमेकींना भिडल्या होत्या.

"ही क्लिप बाजूच्या भोकात लावायला हवी होती. मी या भोकात लावलीय," काका म्हणाले. "माझ्याच हातचं काम आहे हे. काम करायचं तर सीट पुढे घ्यावी लागते. पुढे असते तेव्हा रूळ वायरीला लागत नाही. आणि तपासतानाही मी सवयीने आधी सीट पुढेच घेतो. तिन्ही वेळा घेतली. मग मला दिसणार कुठून?" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "चुकलं बाई."

काय सांगू, सगळा राग त्या एका वाक्याने गेला. इतका गेला की मला तो थोडा परत हवासा वाटला, कारण टायवाले अजून शिल्लक होते.

"पण मॅडम," टायवाले म्हणालेच, "सीट इतकी मागे घ्यावी लागते ती तुमच्या त्या पेडलांमुळेच..."

"एक मिनिट." हा आवाज आमचा नव्हता. नव्या गाडीचे आजोबा कात्री हातात धरून आमच्यात येऊन उभे होते. "माझे पाय लांब आहेत. मी सीट मागे घेऊनच बसतो. आमच्या गाडीतही हेच वायरिंग आहे का?"

टायवाले गडबडले. "तुमच्या गाडीत... ते फॅक्टरीतूनच नवीन..."

"मग आधी आमचीही सीट मागेपुढे करून दाखवा. त्याशिवाय मी सही करणार नाही. आणि या बाईंचं फुकट करून द्यायचं की नाही, ते मला इथे उभं राहून ऐकायचंय. उद्या माझ्या गाडीचं असं झालं तर मला हेच उत्तर मिळणार ना?"

मागे कॉफीवाली मंडळी माना डोलावत होती. टायवाल्यांनी त्या माना मोजल्या असाव्यात. त्यांनी टाय सैल केला, जॉबकार्ड घेतलं आणि लिहिलं: रिकॉलच्या कामातील चूक, संपूर्ण जुडगा पुन्हा बदलणे, ग्राहकाकडून काही घेऊ नये. मी म्हणाले, "दोष आढळला, हेही लिहा." त्यांनी तेही लिहिलं. मी तीनदा वाचलं. असं गोड अक्षर मी आयुष्यात बघितलं नव्हतं.

"शनिवारी संध्याकाळपर्यंत मिळेल. नवीन जुडगा मागवावा लागेल," टायवाले म्हणाले.

शनिवारी संध्याकाळी! वन्संचं हसू विरलं. "शुक्रवारी दहाला परीक्षा आहे माझी," त्या हळू म्हणाल्या. "राहू दे मग. तुम्ही दुरुस्त करताय तेवढं पुष्कळ झालं."

"राहू दे काय!" मी उसळले. "साहेब, चूक तुमची, गाडी तुमच्याकडे अडकलेली. तोवर गाडी कोण देणार? तिथे उभी आहे ना ती, 'चालवून बघा' लिहिलेली? हेच मॉडेल आहे. द्या."

"ती ग्राहकांना दाखवायची आहे."

"आम्ही दाखवतो की! शहरभर दाखवतो!"

"द्या हो," आजोबा म्हणाले. अजून कात्री हातातच.

दिली. लेखी दिली, शनिवारपर्यंत. शिकाऊचा बोर्ड मी आमच्या गाडीवरून उपटून तिच्यावर लावला. वन्संनी आरसे नीट केले, सीट जुळवली, पट्टा लावला. मी शेजारी बसले, सवयीने पाय लांब केले, आणि पायाखाली नुसतं कार्पेट.

ब्रेकच नव्हता. माझा ब्रेकच नव्हता! मी दहा वर्षांत ब्रेकशिवाय शिकाऊ माणसाशेजारी बसले नव्हते.

"काय झालं?" वन्संनी विचारलं.

"काही नाही. हळू चालवा. अगदी हळू."

गेटपाशी एक ट्रक आडवा आला. मी जिवाच्या आकांताने कार्पेट दाबलं. गाडी थांबली. पुढच्या वळणावर एक बाई मुलाचा हात धरून रस्त्यात उतरली. मी कार्पेट दाबलं. गाडी थांबली. सिग्नलला, दुधाच्या टेम्पोमागे, कुत्र्यासाठी, आमच्या गल्लीच्या तोंडाशी, मी दर वेळी कार्पेट दाबत होते आणि दर वेळी गाडी थांबत होती. अगदी अलगद थांबत होती. कारण वन्सं थांबवत होत्या. माझा पाय पोचायच्या आधी त्यांचा पोचलेला असायचा.

घरासमोर गाडी उभी राहिली तेव्हा मला घाम फुटला होता, आणि तो भीतीचा नव्हता.

"वन्सं," मी म्हणाले, "तुम्हाला दोनदा नापास मी केलं."

"म्हणजे?"

"सहा महिने ब्रेक मीच लावतेय. तुम्ही लावायच्या आत. तुमचा पाय हलायच्या आत माझा दाबलेला असतो. परीक्षेत मी शेजारी नव्हते, तेव्हा तुम्ही माझ्या ब्रेकची वाट बघत बसलात."

वन्संनी चावी फिरवून इंजिन बंद केलं. "म्हणजे सहा महिने मी नुसतं चाक धरून बसले होते?"

"हो."

"आणि वर तुझ्या शिव्या खात होते?"

"हो."

मला वाटलं आता चिडणार. चिडल्या असत्या तर मी ऐकूनही घेतलं असतं. पण त्यांचे खांदे हलले, आणि त्या स्टिअरिंगवर डोकं ठेवून जे हसायला लागल्या, की वरच्या खिडकीतून आमचे हे डोकावून विचारू लागले, "ताई रडतेय की काय?"

"उद्या," वन्सं हसता हसता मला म्हणाल्या, "तू मांडी घालून बसायचं."

"करार काय ठरलाय? गाडीत शब्द माझा."

"ही तुझी गाडी नाही. मांडी."

आणि गुरुवारचा अख्खा दिवस मी पुढच्या सीटवर मांडी घालून बसले, पाय मुडपून, हात मांडीवर, तोंड मिटून. म्हणजे मिटायचा प्रयत्न करून. अकरा तासांत वन्संनी मला जेवायला आणि पाय मोकळे करायला एवढंच खाली उतरू दिलं. एकदा बस समोर आली तेव्हा मी डोळे मिटले. उघडले तेव्हा बस निघून गेली होती आणि वन्सं गुणगुणत होत्या.

शुक्रवारी दहा वाजता परीक्षेचे साहेब आले. दिवे बघितले, इंडिकेटर बघितले, हॉर्न वाजवायला सांगितला. वन्संनी वाजवला, एकदाच, आणि तो एकदाच वाजला. मी बाहेरच्या बाकावर बसून नखं खात होते. सव्वादहा झाले. साडेदहा. गाडी दिसेना. माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते सांगत नाही. मग वळणावरून ती आली, सावकाश, आणि आखलेल्या पांढऱ्या पट्टीवर पुढची चाकं अशी थांबली, जणू पट्टी ओढायच्या आधीपासून गाडी तिथे उभी असावी.

साहेब उतरले. कागदावर सही केली, शिक्का मारला, कागद खिडकीतून आत दिला आणि पुढच्या माणसाकडे गेले. एवढंच. मला वाटलं होतं काहीतरी बोलतील.

मी धावले. "काय? काय?"

वन्संनी कागद माझ्यापुढे धरला. पास. त्यांना बोलता येत नव्हतं, मला येत होतं, म्हणून मी दोघींच्या वाटचं ओरडले. माझ्या मांडीच्या सीटकडचं दार उघडायला गेले, तर लॉक.

"तू नको," वन्सं काचेच्या फटीतून म्हणाल्या. "मला आधी हॉस्पिटलात कागद दाखवायचाय. एकटीने जायचंय मला. तू बसलीस तर बोलशील."

"नाही बोलणार!"

"बोलशील गं."

आणि गेल्या. माझी पर्स मागच्या सीटवर, मी रस्त्यात, हातात नुसता फोन. मी ओरडले, "आरसे! आरसे बघा!" रांगेत उभी असलेली माणसं माझ्याकडे बघायला लागली. मी त्यांना म्हणाले, "माझी विद्यार्थिनी आहे." मग म्हणाले, "नणंद आहे." मग दोन्ही पुन्हा म्हणाले, कारण मला थांबताच येईना.

बसला पैसे नव्हते, म्हणून घराकडे चालत निघाले. ऊन होतं, चपला चावत होत्या, आणि मी एकटीच हसत चालले होते. अर्धा रस्ता झाला असेल, फोन वाजला.

"दाखवला," वन्सं म्हणाल्या. "सोमवारी हजर व्हायचंय. दुसऱ्या नावाच्या बाईने माझं अभिनंदन केलं, बिचारी." मग जरा थांबून विचारलं, "तू कुठेयस?"

"औषधांच्या दुकानापाशी. चालतेय. तुमच्यामुळे."

"मग तिथेच थांब. हलू नकोस. मी घ्यायला येते."

मी दुकानाच्या पायरीवर बसले. दहा वर्षांत दोनशेच्या वर माणसांना मी गाडी शिकवली असेल. घ्यायला मात्र आजवर कोणी आलं नव्हतं.